लाभ

आडतीत पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन.
चौदा वर्षं हेच ऐकत मी झाडते आहे
लातूरच्या मोंढ्यात, सोयाबीनच्या धुळीत.

त्या दिवशी मन्मथअप्पा रुमालाखाली
कुणाची तरी बोटं दाबून भाव करत होते.
बंदी आहे, तरी करतात.
रुमाल तसाच हातात राहिला
आणि अप्पा पोत्यांवर टेकले, पोत्यांवरून घसरले.
तोंड राखेच्या रंगाचं.
कांदा आणा, कुणी ओरडलं. चप्पल हुंगवा.
मुनीम एकशे आठला पत्ता सांगत होता,
चुकीच्या गेटाचा.

मला येत होतं.
दसऱ्याआधी दवाखान्याची पोरं रबरी बाहुला घेऊन आली,
तेव्हा गडीमाणसं नुसती हसत उभी.
बाहुल्यापुढं गुडघे टेकायचे कुणी?
डॉक्टरीणबाई म्हणाली, मावशी, तुम्ही या.
झाडू भिंतीला टेकवून मी गेले.
कोपरं ताठ. छातीच्या मधोमध. दोन इंच खाली.
बरोबर दाबलं की बाहुला टक्‌ वाजायचा.

माणूस तसा वाजत नाही.
चौथ्या की पाचव्या दाबाला अप्पांची बरगडी गेली,
वाळक्या तुराटीसारखी.
मी थांबले.
मग थांबले नाही.
एकपासून मोजायचं होतं, तोंडाला लाभच आलं.
लाभ, दोन, तीन, चार…
इलाही, पेटी आण!

खंडेनवमीला तिचीही पूजा झाली होती.
झाकणावर कुंकू, वर झेंडूची वाळकी माळ.
इलाहीनं माळेसकट आणली.
उघडली तशी ती बोलायलाच लागली,
हिंदीत, रेल्वे ठेसनावरच्या बाईसारखी, जराही न घाबरता.

पोती उसवायच्या चाकूनं सदरा फाडला.
घाम माझ्या पदरानं पुसला.
गळ्यात चांदीच्या करडगीत लिंग.
छातीवर धातू नको, बाईनं सांगितलं होतं.
सगळा मोंढा माझ्या हाताकडं बघायला लागला.
मी ते उचललं, खांद्यामागं सरकवलं.
जड नव्हतं.

चौदा वर्षं, दर शनिवारी, अप्पा हजेरीचे पैसे
वीतभर वरून सोडतात माझ्या ओंजळीत.
वाईट माणूस नव्हे. सवय.

मरीज को कोई न छुए, पेटी म्हणाली.
सगळे मागं सरले. मुनीम सरला, गिऱ्हाईक सरलं,
अप्पांचा लेक सरला, मी सरले.
वाक्य माझ्या ओळखीचंच,
पण असं सगळ्यांना मिळून
पहिल्यांदाच ऐकत होते.
मधे अप्पा एकटे,
छातीवर दोन पांढऱ्या पट्ट्या, भोवती सांडलेला माल.

केशरी बटण मीच दाबलं.
अंग एकदा उडालं.

अब मरीज को छूना सुरक्षित है.

कुणी हललं नाही.
मी गुडघ्यावर गेले. समोर इलाही बसला,
माझे हात गळाले तेव्हा त्याचे लागले.
पोतं उचलणारे हात. त्याला म्हटलं, हळू नको, पण मोज.
लाभ, दोन, तीन.
किती वेळ, पेटीला माहीत.
मग घोरल्यासारखा एक आवाज,
आणि अप्पांचा हात जमिनीवर चाचपायला लागला,
रुमाल शोधत. सौदा मोडला नव्हता त्यांच्या लेखी.

दीड महिन्यानं गादीवर आले, उशी छातीशी धरून.
खोकले की माझ्याकडं बघायचे.
बरगडी तू मोडलीस म्हणं?
दोन, मी म्हटलं.

शनिवारी ओंजळ धरली.
हात वर जाईना त्यांचा, हाड अजून भरलं नव्हतं.
नोटा सरळ तळहातावर आल्या,
मागून बोटं. गार, थोडी ओली.
ते काही बोलले नाहीत. मीही.

खांबाआड जाऊन पैसे मोजले.
लाभ,
दोन,